साठ अंशांचा रकाना

एरंडीचं तेल किती घट्ट, हा प्रश्न मी तरुणपणी विचारला नसता तर बरं झालं असतं. विचारला तो विचारला, आणि उत्तर मात्र अर्धंच शोधलं. इतक्या वर्षांनी त्याबद्दल लिहायला बसलोय, तरी हात जड होतो.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. मी हैदराबादेत रसायन शिकून आलो होतो, आणि तेही उर्दूतून. द्रवाच्या घट्टपणाला आम्ही तिथं 'लुजूजत' म्हणायचो. मराठीत त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या भागात कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. बीड जिल्ह्यात परतलो तेव्हा माझ्यासारख्याला कामावर ठेवणारं एकच ठिकाण निघालं, एका शैव वाण्याची तेलगिरणी. मालकांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं आणि चेष्टेची हौस दांडगी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं. मी आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलं नाही, पण गिरणीतून बाहेर पडेपर्यंत मी मास्तरच राहिलो.

गिरणी म्हणजे इंजिनावर चालणारे चार घाणे. एरंडीचं तेल घाण्यांतून निघायचं आणि जमिनीतल्या एका दगडी हौदात साठायचं. तिथून ते वर न्यावं लागे. अंगणाच्या पलीकडे दगडी चौथरा होता, चांगला दोन पुरुष उंच, त्यावर लोखंडी टाकी. टाकीत तेल एक दिवस निवायचं, गाळ खाली बसायचा, आणि मग नितळ तेल तोटीतून खालच्या काहिलीत सोडून पाण्याबरोबर उकळायचं. हौदातून टाकीपर्यंत तेल जायचं ते बायकांच्या डोक्यावरून. बावीस पायऱ्या होत्या. चार बाया सकाळपासून घागरी घेऊन त्या चढत, आणि रोज सकाळी पायऱ्यांवर राख पसरत, कारण सांडलेल्या तेलावर पाय ठरत नसे.

त्या चौघींत सगळ्यांत वयस्कर बाईला आम्ही मावशी म्हणायचो. ती माझ्या आईच्या वयाची होती. नवरा लवकर गेला, लेकरू नाही, आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजव्या डोळ्यानं तिला फक्त उजेड कळे, डाव्यानं माणूस कळे पण चेहरा कळत नसे. पायऱ्या ती अंगठ्यानं चाचपून चढायची आणि तोंडानं मोजायची. चौदाव्या पायरीचा कोपरा फुटलेला होता, तिथं ती आकडा जरा मोठ्यानं म्हणायची, म्हणजे मागून येणारीलाही कळे. मला ते बघवत नसे. मी तेव्हा तरुण होतो, माझ्या डोक्यात नवं शिक्षण होतं, आणि आपण हे सहज मिटवू असं मला खरंच वाटत होतं.

मी आप्पांना म्हणालो, इंजिन आहे, त्याला एक पंप जोडू, हौदापासून टाकीपर्यंत नळ टाकू. बाया उतरतील, तेल आपोआप चढेल. आप्पांनी विचार करायला आठ दिवस घेतले. मग म्हणाले, नळ किती जाडीचा आणि पंप केवढा, ते तू सांग. तू सांगशील ते आणीन, पण एकदाच आणीन. माल मुंबईहून नगरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून आष्टीवरून बैलगाड्यांनी यायचा होता. जाडीत चूक झाली तर परत पाठवण्याची सोय नव्हती. मावशीचंही त्यांनी मान्य केलं. नळ चालला की तिला खाली बसवून एरंडीची बोंडं फोडायचं काम द्यायचं. ते काम आंधळ्या माणसालाही जमतं, बोटांना बी बरोबर लागतं.

मी हे मावशीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली असं म्हणवत नाही. तिनं फक्त विचारलं, "दिवाळीपतूर व्हईल का? डोळं तवर टिकतील." मी म्हणालो, होईल.

आता जाडी ठरवायची तर तेल किती घट्ट ते कळायला हवं. पातळ पाण्याला बारीक नळ पुरतो, काकवीला पुरत नाही, हे कुणालाही कळतं. पण कितीला कितीचा, ते आकड्यानं ठरतं. आणि आकडा आमच्या जिल्ह्यात कुठंही मिळण्यासारखा नव्हता. माझ्याकडे एक वही होती. हैदराबादेत असताना मी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून काही तक्ते उतरवून घेतले होते. त्यात तेलांचाही तक्ता होता, दोन रकान्यांचा. एक साठ अंश फॅरनहाइटचा, दुसरा शंभर अंशांचा. मी फक्त शंभराचा उतरवला होता.

का, ते सांगताना आजही लाज वाटते. तेव्हा मला वाटलं, साठ अंश ही गोऱ्यांच्या देशातली हवा. त्यांचं तेल त्यांच्या थंडीत कसं वागतं याच्याशी आपल्याला काय करायचंय? आमच्याकडे शंभर अंश म्हणजे रोजचं ऊन. तो रकाना जणू बीडसाठीच छापलाय असं मला वाटलं. शिवाय दुपार झाली होती, ग्रंथालय बंद होण्याची वेळ होती, आणि भूक लागली होती. या तिन्हींतलं खरं कारण कोणतं ते मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

पुस्तकावर आंधळा भरवसा नको म्हणून मी वैशाखात स्वतः मोजायचं ठरवलं. एका तांबटाकडून लोट्याच्या बुडाला एक बारीक, वीतभर लांब तांब्याची नळी डाखवून घेतली. लोट्यात एका खुणेपर्यंत तेल भरायचं, नळीवरचं बोट काढायचं, आणि तेल खालच्या खुणेला येईपर्यंत घड्याळावर सेकंद मोजायचे. मग दवाखान्यातून मागून आणलेलं ग्लिसरीन तसंच मोजायचं, कारण त्याचा शंभर अंशांचा आकडा माझ्या वहीत होता. दोन्हींच्या वेळा ताडून पाहिल्या की तेलाचा आकडा निघतो. अंगणातल्या लिंबाखाली मी हे मांडून बसलो. पारा शंभराच्या जरा वर होता. इंजिनवाले चाचा बिडी ओढत बघत होते, आणि वाटेनं येणारी-जाणारी मंडळी लोट्याला नमस्कार करायची, चेष्टेनं.

मावशी दुपारची सुट्टी म्हणून तिथंच सावलीत टेकली होती. मी सेकंद मोजत असताना ती आपल्या नादात बोलत होती. तिला वाटलं असावं, हा मास्तर तेलाबद्दल काहीतरी करतोय, तर आपल्यालाही तेलाचं ठाऊक आहे.

"मास्तर, हे तेल आता लई अवखळ हाय. डोक्यावर हिंदकळतंय, मान धरून चालावं लागतंय. पूस महिन्यात तसं न्हाई. पुसात घागर डोक्यावर घेतली की तेल हालतच न्हाई, दगड ठिवल्यावानी गप बसतंय. वतताना मातुर घागर उपडी धरून उभंच ऱ्हावं लागतंय. येका घागरीला चार घागरींचा येळ जातो, अन् पहाटंची येळ आसंल तर इचारूच नगा."

मी डोळे घड्याळावरून न काढता म्हणालो, "मावशी, जरा गप. मोजणी चुकतीय."

ती गप्प झाली. माझी मोजणी चुकली नाही. तेलाचा आणि ग्लिसरीनचा आकडा जवळजवळ सारखा आला, आणि वहीतही ते दोघे शेजारी-शेजारी, जुळ्या भावंडांसारखेच होते. मला इतका आनंद झाला की मी ती वही आप्पांना नेऊन दाखवली. त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "म्हणजे पुस्तक आणि लोटा एकच बोलतात म्हण की." मी सव्वा इंची नळ सांगितला. आप्पा म्हणाले, जरा जाड घेतला तर? मी म्हणालो, गरज नाही, हिशेब चोख आहे.

नळ भाद्रपदात आला. चाचांनी पंप बसवला, मी सांधे बसवले, आणि दसऱ्याला, इंजिनाला झेंडूचा हार घालून आम्ही चालू केलं. त्या वर्षी पावसानं लवकर तोंड फिरवलं होतं, ऊन कडक होतं. तेल नळातून वर गेलं आणि टाकीत असं धो धो पडलं की सगळी गिरणी टाकीभोवती गोळा झाली. मावशी पायऱ्यांच्या तळाशी उभी होती. तिला दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. तिनं पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि बोंडं फोडायला जाऊन बसली. बाकीच्या तिघी कार्तिकात तलवाड्याकडे कापूस वेचायला गेल्या. आप्पांनी त्यांना अडवलं नाही, कारण आता त्यांचं कामच उरलं नव्हतं.

ते तीन-चार आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे असतील. मी मुद्दाम मावशीच्या जवळून जायचो. तिच्या मांडीवर सूप, बाजूला बोंडांचा ढीग, आणि बोटं भराभर चालायची. आता ती काही मोजत नव्हती.

मग पहाटे गार वारा सुटायला लागला. पंपाचा पट्टा घसरू लागला. चाचांनी तो आवळला, तरी घसरला. तेल चढत होतं, पण टाकीत पडताना त्याची धार बारीक झाली होती. मी थर्मामीटर बघितला तेव्हा पारा साठाच्या खाली होता. साठाच्या खाली, आणि तोही बीडात! मी इथंच वाढलो होतो, लहानपणी पौषात शेकोटीला हात धरून बसलो होतो, दात वाजवले होते. पण त्या थंडीलाही अंश असतात, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी हैदराबादेतल्या एका जुन्या सोबत्याला पत्र लिहिलं, की अमुक पुस्तक, तमुक पान, साठ अंशांचा रकाना उतरवून पाठव. आणि उत्तर येईपर्यंत अंदाज करत बसलो. माझ्याकडे वैशाखातल्या दुपारच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळांची मोजमापं होती. दहा अंशांचा फरक. तो फरक कागदावर मांडून मी पट्टीनं एक सरळ रेघ ओढली आणि ती खाली पन्नास अंशांपर्यंत नेली. रेघ म्हणाली, अडीचपट घट्ट. मी आप्पांना सांगितलं, ओढील कशीबशी, धीर धरा. रेघ सरळ जाते हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पट्टी सरळ होती, एवढंच.

लोटा तिथंच कोनाड्यात पडलेला होता. थंड पहाटे एकदा तेल भरून मोजलं असतं तर सगळं उघड झालं असतं. मी शेवटी मोजलं, पण पौषात, सगळं बंद पडल्यावर. तेव्हा लोट्याच्या नळीतून तेल येता येता माझी बोटं बधिर झाली आणि मी मध्येच सोडून दिलं.

पौषात सकाळी तेल चढेनासं झालं. पंपाची खीळ मोडली, दुसरी घातली, तीही मोडली. चाचा हात पुसत म्हणाले, "मास्तर, ये तेल नहीं, गोंद है." मी नळाला गोणपाट गुंडाळलं, घोंगड्या गुंडाळल्या. हौदाच्या कडेला शेणी पेटवू म्हणालो तर आप्पांनी हात जोडले. एकदा गिरणीला आग लागून गेली होती, तेलाजवळ विस्तव त्यांना बघवत नव्हता. काहिलीची चूल वेगळी, लांब होती. भर दुपारी ऊन नळावर आलं की दोन-तीन घटका तेल चढायचं, मग पुन्हा जसंच्या तसं. जाड नळ मागवायचा म्हटला तर तो येईपर्यंत चैत्र उजाडला असता. आप्पा एकदाच हसून म्हणाले, तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्यानंतर ते हसले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

संक्रांतीच्या आधी माल गाड्यांवर चढवायचा होता. आप्पांनी बायांना निरोप पाठवला. तिघींपैकी एकही परत आली नाही. कापूस अजून संपला नव्हता, आणि कुणी कशाला यावं? मी स्वतः घागर उचलली. तीन खेपा केल्या, चौथीला मान अशी आखडली की मला घागर खालीच ठेवावी लागली. चाचा इंजिन सोडून येऊ शकत नव्हते. घाणेवाले म्हणाले, हे बायकांचं काम. मी त्यांच्यावर ओरडलो, आणि ओरडून काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाशी गुंतलो होतो. मागून आवाज आला, "सहा, सात, आठ." मावशी घागर घेऊन पायऱ्या चढत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती बोंडांच्या ढिगापासून उठली होती, चुंबळ केली होती आणि आपणहून हौदावर गेली होती. मी धावत पायऱ्यांशी गेलो आणि म्हणालो, मावशी, उतर. ती थांबली नाही. वरून म्हणाली, "मी हाय की. पायऱ्या मला पाठ हायेत. तुमी कावून घाबरता?"

मी काय करायला हवं होतं? मागं जाऊन तिला धरलं असतं तर दोघंही पडलो असतो. मी खाली उभा राहिलो. तिनं घागर टाकीत उपडी केली आणि बराच वेळ तशीच धरून उभी राहिली. मग ती उतरली आणि दुसरी घेऊन चढली. तिसरीच्या वेळी मी परत पंपाकडे वळलो, कारण मला वाटलं, नळ चालू करणं एवढंच माझ्या हातात आहे.

राख त्या सकाळी पायऱ्यांवर टाकलेली नव्हती. टाकणाऱ्या बाया कापूस वेचत होत्या, आणि मी नळवाला असल्यानं मला राखेची आठवण नव्हती. मी आदल्या दिवशी सांडलेलं तेल थंडीत मुरलं नव्हतं. ते पायऱ्यांवर तसंच जाड, साईसारखं पडून होतं. मी चौदा हा आकडा ऐकला. पंधरा ऐकू आला नाही.

नांदूरघाटाकडून हाडवैद्य आणला. त्यानं खुबा चाचपला आणि माझ्याकडे न बघता आप्पांकडे बघून मान हलवली. पाला बांधला, फळ्या बांधल्या. मावशी पुन्हा उभी राहिली नाही. आप्पांनी तिच्या घरी ज्वारी पाठवायला सुरुवात केली आणि स्वतः वारेपर्यंत ती पाठवली, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. तो दिला असता तर माझी निदान भांडायची सोय झाली असती.

पत्र संक्रांत झाल्यावर आलं. सोबत्यानं रकाना सुबक अक्षरांत उतरवला होता, आणि खाली लिहिलं होतं की एवढ्याशा कामाला उशीर झाला, माफ करावं. एरंडीच्या तेलापुढचा आकडा शंभर अंशांच्या चौपटीहून जास्त होता. तोही साठ अंशांचा. पन्नासाला तो कुठं गेला असता ते मी आता रेघ न ओढताही सांगू शकत होतो.

कागद खिशात घालून मी मावशीकडे गेलो. का गेलो, ठाऊक नाही. गुन्हेगार जसा आपणहून चावडीवर जातो तसा गेलो असेन. ती बाजेवर पडून होती. माझ्या पावलांवरून तिनं ओळखलं आणि विचारलं, "मास्तर, नळ चालतोय का?" मी म्हणालो, दुपारचा चालतो. मग तिनं विचारलं, कागद कशाचा वाजतोय? मी तिला सांगितलं. हैदराबादेहून आलंय, तेल थंडीत किती घट्ट होतं त्याचा आकडा आहे. हा आकडा माझ्याकडे नव्हता, म्हणून नळ बारीक झाला. चौपट घट्ट होतं, मावशी, आणि पहाटे त्याहूनही जास्त.

तिनं मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाली, "येवढंच व्हय? ते तर मला ठावं व्हतं. येका घागरीला चार घागरींचा येळ. तुमी मला इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की, मास्तर."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाईट वाटलं होतं, की आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मास्तरांच्या कामी आली नाही. लिंबाखालची ती दुपार तिला आठवत नव्हती. मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि तिनं हे मला सांगितलं होतं आणि मी तिला गप बसवलं होतं, हे तिला सांगितलं नाही.